धरणात रिकामी जागा किती, हे कोण ठरवतं?

दर वर्षी जुलै उजाडला की पुण्यात शहराच्या वरच्या पानशेत धरणावरून वाद सुरू होतो आणि दर वर्षी तो चुकीच्या जागी जाऊन अडकतो. ‘पानशेतला तडे गेलेत, एकसष्टची पुनरावृत्ती होणार’ असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो; सोबतचा फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी राज्यातल्या धरणाचा असतो. मग ‘धरण पूर्णपणे सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये’ असा खुलासा येतो. संदेशात पुरावा नसतो, खुलाशात आकडा नसतो. पुढे एखाद्या रात्री पानशेतच्या खालच्या खडकवासला धरणाचे दरवाजे उघडतात, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या तळमजल्यात पाणी शिरतं आणि वादाला नवा विषय मिळतो: दोष पाणी सोडणाऱ्याचा की नदीत घर बांधणाऱ्याचा?

माझं म्हणणं असं की, पानशेत फुटेल का आणि पानशेत आपल्याला पुरापासून वाचवतं का, हे दोन प्रश्न मुळात वेगळे नाहीतच. पानशेतसारख्या मातीच्या धरणाच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी येऊन थांबतं. ऐन पावसाळ्यात त्या धरणात किती जागा रिकामी आहे, ती कोणत्या लेखी नियमाने ठेवली आहे आणि ती वेळेवर मोकळी करणाऱ्या अभियंत्याला आपण शाबासकी देतो की शिव्या? यावर बोलायचं सोडून आपण उरलेल्या सगळ्यावर बोलतो.

आधी मातीचं धरण म्हणजे काय ते पाहू, कारण अर्धा गोंधळ इथेच आहे. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणाच्या माथ्यावरून हातभर पाणी वाहिलं तरी ते धरण उभं राहू शकतं. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागलं की पाणी उताराची माती ओरबाडत नेतं, घळ पडते, घळ रुंदावते आणि काही तासांत धरणाचं पाणी खाली असतं. म्हणून असं धरण बांधताना पोटात काळ्या मातीचा गाभा, त्याला दोन्ही बाजूंनी मुरमाचं आवरण, पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग, खालच्या बाजूला पाझर गाळून बाहेर काढणारी रेतीची गाळणी, एवढा सगळा खटाटोप असतो. पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतो. तो पायथ्याच्या चरातून एका त्रिकोणी खाचेवरून जातो आणि खाचेवर पाण्याची उंची किती आली यावरून किती पाझरतंय ते मोजलं जातं. नितळ पाझर रोज तेवढाच येत असेल तर काळजीचं कारण नाही. तळ्याची पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा नितळ असलेलं पाणी गढूळ झालं, तर धरणाच्या पोटातली माती वाहून चालली आहे असं समजायचं. म्हणजे ‘गळती आहे’ ही बातमी अर्धवट आहे आणि ‘गळती नाही’ हा खुलासाही अर्धवटच. विचारायचं ते हे: पाझर किती, गेल्या वर्षी याच पातळीला किती होता आणि त्याचा रंग कसा आहे?

आता 1961 कडे येऊ. 12 जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं. काही तास तग धरून खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही गेलं आणि दुपारपर्यंत मुठेचं पाणी डेक्कन, नारायण, शनिवार, सोमवार, मंगळवार पेठांत घुसलं. हे सगळ्यांना माहीत असतं. धरण का फुटलं, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. बहुतेकांच्या डोक्यात चित्र असतं ते ‘प्रचंड पाऊस, धरण भरून वाहिलं, फुटलं’ असं. प्रत्यक्षात धरणाचं काम पुरतं झालेलं नव्हतं. ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी पाणी अडवण्याची घाई झाली होती. भरावाखालून पाणी बाहेर नेणाऱ्या विमोचकाची दारं आणि यंत्रणा अपुरी होती आणि त्याच्या बांधकामात लोखंडी सळ्यांचा आधार नव्हता. अर्धवट उघड्या विमोचकातून पाणी आदळत गेलं, बांधकाम ढासळलं, त्याच्यावरची माती खचू लागली आणि धरणाचा माथाच खाली बसत पाण्याच्या पातळीला आला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली ती या खचणाऱ्या माथ्यावर. चौकशीला आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि पुढे न्यायमूर्ती नाईक यांचे आयोग बसले. शहराला वेळेत स्पष्ट इशारा मिळाला नाही, ही तक्रार पुणेकर पुढे पिढ्यान्‌पिढ्या करत राहिले आणि ती खरीच होती.

‘धरण जुनं झालंय, म्हणून धोका वाढलाय’ हा युक्तिवाद म्हणून मला पटत नाही. मातीच्या धरणाचा सर्वांत नाजूक काळ पहिल्यांदा पाणी भरतानाचा असतो. भराव नीट बसलेला नसतो आणि कुठे काय राहून गेलंय ते पाणीच पहिल्यांदा शोधून काढतं. पानशेत पहिल्याच भरणीला गेलं. अमेरिकेत आयडाहोमधलं टीटन धरण 5 जून 1976 रोजी फुटलं, तेही पहिल्याच भरणीला. पुन्हा बांधलेलं पानशेत त्यानंतर कित्येक पावसाळे भरलं, रिकामं झालं, पुन्हा भरलं. तेव्हा नुसत्या वयाची भीती घालणं हे अज्ञान आहे. पण याच न्यायाने ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हेही सुरक्षिततेचं प्रमाणपत्र होत नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण वीसएक पावसाळे काढल्यावर 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि वीसच्या वर माणसं वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

तिवऱ्याच्या वेळी राज्याच्या तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि अख्खा महाराष्ट्र हसला. त्याच्या आदल्याच वर्षी, 27 सप्टेंबर 2018 ला, पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटून वस्तीत पाणी घुसलं, तेव्हाही त्या वेळच्या जलसंपदामंत्र्यांच्या तोंडी उंदीर, घुशी आणि खेकडेच होते. हसणं सोपं आहे. मला वाटतं आपण हसण्यात खरा मुद्दा घालवला. घुशी, साळिंदरं, खेकडे मातीच्या भरावात बिळं करतात. ही मातीच्या धरणांची जुनी आणि अभियंत्यांना पाठ असलेली दुखणी आहेत, तशीच उतारावर वाढलेल्या झाडांची मुळंही. म्हणून तर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर भराव पायी चालून तपासायचा, झुडपं काढायची, बिळं बुजवायची असा शिरस्ता आहे. खेकड्यामुळे धरण फुटलं असं म्हणणारा मंत्री नकळत कबूलच करत असतो की भरावावर कुणी फिरकलं नव्हतं. त्याला त्याच वाक्यावर धरायला हवं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनवर 31 मे 1889 रोजी साउथ फोर्कचं मातीचं धरण कोसळून 2,209 माणसं मेली. ते धरण श्रीमंतांच्या एका क्लबच्या मालकीचं होतं. बग्ग्या जाता याव्यात म्हणून त्यांनी माथा खाली घेतला होता आणि तळ्यातले मासे निसटू नयेत म्हणून जादा पाणी बाहेर काढणाऱ्या सांडव्यावर जाळ्या बसवल्या होत्या. त्या जाळ्यांत कचरा अडकून सांडवा तुंबला. खटले झाले, क्लबकडून कुणाला दमडी मिळाली नाही, कारण ती देवाची करणी ठरली. देव काय, खेकडा काय, साक्षीला येत नाही हे दोघांच्याही बाबतीत सोयीचं.

आता पुराकडे. इथे थोडा हिशेब करावा लागेल आणि त्याला पर्याय नाही, कारण आकड्यांशिवाय पुरावर बोलणं म्हणजे नुसता आरडाओरडा. पुण्याच्या वरची चार धरणं: आंबी नदीवरचं पानशेत 10.65 टीएमसी, मोसे नदीवरचं वरसगाव 12.82, मुठेवरचं टेमघर 3.71 आणि या तिन्हींचं पाणी ज्यात येतं ते खडकवासला फक्त 1.97. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. दिवसभर साडेअकरा हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला साडेअकरा हजार घनफूट, पाणी वाहिलं की एक टीएमसी होतं. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली तेव्हा खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या वर विसर्ग होता. त्या वेगाने आवक होत राहिली तर खडकवासला अगदी कोरडं ठणठणीत असलं तरी सोळा तासांच्या आत भरेल. म्हणजे ज्या धरणाचे दरवाजे उघडल्यावर आपण ओरडतो, त्या धरणाच्या अंगात पूर अडवण्याची ताकदच नाही. ती आहे वरच्या पानशेत-वरसगावात. या दोन्हींत मिळून नुसती दहा टक्के जागा रिकामी असेल तरी ती सव्वादोन टीएमसीच्या पुढे जाते; चोवीस तास सत्तावीस हजार क्युसेकचा लोंढा ती पोटात घेऊ शकते. पुणं आणि मोठा पूर यांच्यामध्ये कुणी उभं असेल तर ही रिकामी जागा उभी आहे.

याच हिशेबाने जुलै 2024 नीट कळतं. 25 जुलैला वरची धरणं काठोकाठ भरलेली नव्हती. पानशेत आणि वरसगाव आपापल्या पाणलोटाचं पाणी पोटात घेत होती. पाणी आलं ते या धरणांच्या खालच्या, खडकवासल्याच्या स्वतःच्या पाणलोटातून. त्यामुळे ‘पानशेतमुळे बुडालो’ हे त्या दिवशी धादांत खोटं होतं. पानशेत मध्ये नसतं तर आकडा आणखी वर गेला असता. खरी कसोटी नंतर लागते, ऑगस्टमध्ये. वरची धरणं भरत आली की रिकामी जागा संपते आणि येईल तेवढं पाणी पुढे ढकलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दगडी धरण असतं तर अभियंत्याने थोडी जोखीम घेतली असती, पाणी आणखी हातभर चढू दिलं असतं. मातीच्या धरणात तशी चैन परवडत नाही. माथा आणि पाणी यांच्यातलं अंतर हेच त्या धरणाचं आयुष्य आहे, आणि ते वाचवण्यासाठी मध्यरात्री दरवाजे उघडावे लागले तर उघडलेच पाहिजेत. खालच्या गावांचं नुकसान होणार हे माहीत असूनही. गुजरातेत 11 ऑगस्ट 1979 रोजी मच्छू-2 धरणाचे दोन्ही बाजूंचे मातीचे भराव पाण्याखाली जाऊन वाहून गेले आणि मोरबी शहर गाडलं गेलं. सांडवा सुमारे दोन लाख क्युसेकसाठी बांधलेला, पूर आला त्याच्या दुपटीहून मोठा आणि काही दरवाजे ऐन वेळी उघडलेच नाहीत. पुढे धरण पुन्हा बांधताना सांडव्याची क्षमता कितीतरी पटींनी वाढवली. न उघडलेला दरवाजा काय करतो, हे मोरबीला विचारावं.

मग पाणी चढण्याआधीच जागा का करून ठेवत नाहीत? इथे खात्याची बाजू मला बरीचशी मान्य आहे. ‘पाऊस येणार माहीत होतं तर धरण आधीच रिकामं करायचं’ असं म्हणणाऱ्याला धरणाचं तोंड कुठे असतं ते ठाऊक नसतं. सांडव्याचे दरवाजे ज्या उंबऱ्यावर बसतात त्याच्या खालचं पाणी दरवाज्यातून बाहेर पडूच शकत नाही. त्याला विमोचक किंवा वीजघराची वाट, आणि पानशेतच्या वीजघरातून जातात ते सहाशेच्या आसपास क्युसेक. त्या वेगाने एक टीएमसी उतरवायला एकोणीस दिवस लागतील. दुसरी अडचण पावसाची. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्याने जुलैअखेर पाणी सोडून जागा केली आणि पुढे आभाळच फिरलं, त्या अभियंत्याला एप्रिलमध्ये पुण्याच्या पाणीकपातीचं उत्तर द्यावं लागेल, आणि दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांना त्याहून कडक. तो शेतकरी खोटं बोलत नाही. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, एकाने कमी झालं की त्याचा ऊस जळतो. सोडलेलं पाणी पुढे भीमेतून उजनीत जातं, त्यामुळे ते ‘वाया गेलं’ म्हणणं बरोबर नाही. सोलापूर जिल्ह्याला ते मिळतंच. पण मुठा कालव्याच्या शेवटी बसलेल्या माणसाला उजनीतल्या पाण्याचा काय उपयोग? त्याच्यासाठी ते गेलंच.

हे सगळं मान्य करूनही माझा मुद्दा उरतो. किंबहुना यामुळेच तो उरतो. दोन खरी नुकसानं समोरासमोर उभी असताना त्यांच्यातला सौदा ठरवायचा कुणी? रात्री दोन वाजता दरवाजावर उभ्या असलेल्या उपअभियंत्याने? त्याच्यासाठी प्रत्येक मोठ्या धरणाची जलाशय परिचालन सूची असते: कोणत्या तारखेला पाणी कोणत्या पातळीच्या वर जाऊ द्यायचं नाही, आवक अमुक झाली की विसर्ग तमुक करायचा. म्हणजे हा सौदा कागदावर आधीच झालेला असतो. तुम्ही-आम्ही तो वाचलेला नसतो, एवढंच. पंधरा जुलैला पानशेतमध्ये किती टक्के, पंधरा ऑगस्टला किती, हे पुण्याच्या नगरसेवकाला विचारून पाहा. रोज सकाळच्या पेपरात ‘धरणसाखळीत इतके टक्के साठा’ हा आकडा छापून येतो आणि आपण तो वाढला की खूश होतो. त्याच्या शेजारी ‘आजच्या तारखेला नियमाने असायला हवा तो साठा’ हा दुसरा आकडा छापला, तर निम्म्या अफवा तिथेच मरतील. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात धरण नव्वद टक्के झालं ही आनंदाची बातमी आहे की धोक्याची, हे त्या दुसऱ्या आकड्याशिवाय कळत नाही.

सूची असूनही ती पाळली न गेल्यास काय होतं याचं उदाहरण फार लांब नाही. तापीवरच्या उकाई धरणाला मातीचा लांबलचक भराव आहे आणि त्याच्या पाणलोटात आपला खानदेश येतो. पूरनियंत्रण हा त्या धरणाच्या उद्देशांपैकीच एक. ऑगस्ट 2006 च्या पहिल्या आठवड्यात धरणात आधीच भरपूर पाणी होतं, वरून लोंढा येताना दिसत होता आणि सुरुवातीचे विसर्ग लहान ठेवले गेले, अशी टीका नंतर झाली. मग आवक इतकी वाढली की नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. धरणाला काही झालं नाही. धरण वाचलं आणि शहर बुडालं. यात धरण फुटण्याची भीती घालणाऱ्यांना काय उत्तर आहे? आणि ‘धरण पूर्णपणे सुरक्षित’ म्हणणाऱ्यांना तरी?

आता त्या विसर्गाच्या वादाकडे. ‘न सांगता पाणी सोडलं’ या तक्रारीतला ‘न सांगता’ हा भाग शंभर टक्के खरा मानायला मी तयार आहे. झोपेतल्या माणसाला पाणी घोट्याला लागल्यावर कळत असेल तर इशारा पोचला नाही, मग कागदावर कितीही वाजता मेसेज गेलेला असो. 2024 च्या त्याच पावसात पुलाची वाडी भागात तिघा तरुणांचा विजेच्या धक्क्याने जीव गेला. ती नासाडी मोजायला क्युसेक पुरत नाहीत. पण ‘सोडलं’ या भागावर आपण जो राग काढतो तो उलटा फिरतो. विचार करा: दुपारीच दहा-बारा हजार क्युसेक सोडायला सुरुवात केली तर नदीपात्रातला रस्ता बंद होतो, पात्रातल्या गाड्या काढायला पळापळ होते, भिडे पुलावर बॅरिकेड लागतात, वाहतूक खोळंबते. पाऊस पुढे आला नाही तर ‘उगाच घाबरवलं, पाणी घालवलं’ म्हणून त्या अधिकाऱ्याला बोलणी बसतात. तोच अधिकारी पाणी न सोडता थांबला आणि रात्री पस्तीस हजार सोडावे लागले तर त्याला सांगता येतं की, आवकच तशी होती, माझा नाइलाज झाला. नोकरीच्या दृष्टीने कोणता रस्ता सोयीचा? आपणच त्याला उशीर करायला शिकवतो आहोत. लवकर आणि थोडं सोडणं हे शहराच्या हिताचं आहे, मातीच्या धरणाच्या तर त्याहून हिताचं आहे. मग त्या दुपारच्या बंद रस्त्याबद्दल कुरकुर न करणं हा नागरिकांनी द्यायचा वाटा आहे. तो द्यायला आपण तयार आहोत का, याबद्दल मला शंकाच आहे. डेक्कनची पार्किंग गेली तरी पुणेकर पत्र लिहितो.

नदीपात्रातल्या बांधकामाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला. तो खोटा आहे म्हणून नाही, उलट तो इतका खरा आहे की त्याच्या आड बाकीचं सगळं लपतं. पुण्यात मुठेची निळी पूररेषा साठ हजार क्युसेक आणि लाल पूररेषा एक लाख क्युसेक धरून आखलेली आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. मग पस्तीस-चाळीस हजारांना घरात पाणी येतं, याचा अर्थ दोनपैकी एक: घर रेषेच्या आत आहे, किंवा भराव टाकून, राडारोडा ढकलून, पात्र अरुंद करून रेषाच खोटी पाडलेली आहे. दोन्हींत महापालिका आणि बांधकाम परवानग्या येतात, पाटबंधारे खातं येत नाही. इतपत ठीक. पण यावरून ‘म्हणजे धरणाच्या कारभारावर बोलायचंच नाही’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चूक आहे. पात्राची वहनक्षमता घटली म्हणजे वरच्या रिकाम्या जागेची किंमत वाढली. साठ हजार सहज वाहून नेणारी नदी असती तर ऑगस्टमध्ये पानशेत पाच टक्के जास्त भरून चाललं असतं. ती पस्तीस हजारांना घरात शिरते, म्हणून नियम जास्त कडक हवा. आणि यात एक अन्याय आहे तो बोलून दाखवायला हवा: पुण्याने नदीत बांधकामं करायची आणि त्यापायी पाणी कमी साठवून इंदापूरच्या शेतकऱ्याने आवर्तन गमवायचं. पूररेषेतल्या बांधकामाचं हे बिल आजवर कुणी त्याला दाखवलेलंच नाही.

धरणांची माहिती उघड केली तर घबराट माजेल, घातपात करणाऱ्यांच्या हाती पडेल, असं एक उत्तर नेहमी मिळतं. दरवाज्याची कुलपं आणि पहाऱ्याच्या वेळा गुप्त ठेवा, कुणाची हरकत नाही. पाझराचा वर्षाचा आलेख, पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत निघालेल्या त्रुटी आणि त्या दूर झाल्या की नाही याची नोंद, यांत गुप्त काय आहे? 2016 मध्ये टेमघरची गळती अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिली, कारण ते धरण दगड-काँक्रीटचं आणि पाणी भिंतीवरून उघड्यावर वाहत होतं. त्याने घबराट माजली नाही. उलट दुरुस्तीला पैसे मिळाले आणि जबाबदारांवर गुन्हे दाखल झाले. मातीच्या धरणाचं दुखणं असं कॅमेऱ्याला दिसत नाही, ते खाचेवरच्या नोंदवहीत असतं. म्हणून ती वही उघडी हवी. आणि कॅलिफोर्नियात ओरोव्हिलच्या अतिउंच मातीच्या धरणाचा सांडवा फेब्रुवारी 2017 मध्ये उखडला तेव्हा जवळपास 1 लाख 88 हजार लोकांना काही तासांत हलवावं लागलं; चेंगराचेंगरी न होता ते झालं, याचं श्रेय माहिती दडवण्याला कुणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि हे मागायला आता कायद्याचा आधारही आहे. धरण सुरक्षा कायदा 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं, दोन हजारांच्या वर, महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतली बहुसंख्य मातीची आहेत, तेव्हा हा कायदा सर्वांत जास्त आपल्यासाठीच आहे. पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी त्याने बंधनकारक केली, अधिकाऱ्यांना अडथळा आणल्यामुळे किंवा निर्देश न पाळल्यामुळे जीव गेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आणि कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या प्रत्येक धरणासाठी आणीबाणीचा कृती आराखडा पाच वर्षांच्या आत करायला सांगितला. धरण फुटलं किंवा मोठा विसर्ग करावा लागला तर पाणी कुठवर जाईल याचे नकाशे त्या आराखड्यात असले पाहिजेत. पाच वर्षांची ती मुदत 2026 च्या डिसेंबरअखेर संपते. पानशेतच्या खालच्या आंबी खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर आणि एकतानगरीच्या सोसायट्यांच्या लिफ्टशेजारी तो नकाशा मराठीत लागलेला असावा, त्यावर कोणत्या विसर्गाला पाणी आपल्या इमारतीच्या कोणत्या पायरीपर्यंत येतं ते लिहिलेलं असावं, आणि खाली रात्री उचलला जाणारा एक फोन नंबर असावा. पुढच्या वेळी मतं मागायला येणाऱ्याला, तो महापालिकेचा असो की विधानसभेचा, पहिला प्रश्न हा विचारता येईल. दुसरा, पंधरा ऑगस्टला पानशेतची पातळी किती हवी ते त्याला सांगता येतं का हा.